१९३०च्या फोर्डचं इंजिन विमानातून खाली उतरवलंय. व्हाइट मेटल ओतू की नको?

बारातेरा

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आता गरज पडली म्हणून धागा काढतोय. गरज सरो वगैरे म्हणू नका, फोटो टाकत राहीन.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो, मॅडिसनपासून पाऊण तासावर. नोकरी सॉफ्टवेअरची. पण वडिलांचं सांगलीत ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, त्यामुळे नखात वंगण गेलं नाही तर रविवार फुकट गेल्यासारखा वाटतो. शेजारी ८१ वर्षांचे एक आजोबा आहेत. त्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी घरामागच्या गोठ्यात स्वतः विमान बांधलं. नाव पिटेनपोल एअर कँपर. लाकडी सांगाडा, वरून कापड, डोक्यावर छत्रीसारखा एकच पंख, एकामागे एक दोन उघड्या बैठका. नाकात फोर्ड मॉडेल-ए मोटारीचं इंजिन, तेही भंगारातून आणलेलं. रेडिएटर इंजिनावर उभा, थेट नजरेसमोर. समोरचं बघायचं तर त्याच्या डावी-उजवीकडून मान काढायची.

गेल्या ऑक्टोबरात आजोबा म्हणाले, जरा प्रोपेलर (नाकावरचा पंखा) धरून पुढे ओढ. ओढला, आतून 'टक'. मागे ढकलला, परत 'टक'. मोजायचा डायल लावला तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) १८ थाउ, म्हणजे इंचाचे १८ हजारांश, पुढे-मागे होतोय. हवा ४ ते ६. तेल काढून जुन्या सदऱ्यातून गाळलं, तर कापडावर चमकी. पोरीच्या गॅदरिंगला गालाला लावतात तसली.

इंजिन आता गोठ्यात टेबलावर आहे. ज्यांना आकडे लागतात त्यांच्यासाठी: चार सिलिंडर, ३.३ लिटर, साइड व्हॉल्व्ह, २२०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती, कॉम्प्रेशन जेमतेम ४.२. क्रँकला तीनच मेन बेअरिंग. आणि ती शेलची (तयार, सुटी बसवायची) नाहीत, व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू थेट ब्लॉकमध्ये ओतलेला. पंख्याकडच्या बेअरिंगची कड पार पापुद्रे सुटल्यासारखी झाली आहे.

प्रश्न असा, की पुन्हा व्हाइट मेटल ओतावं की ब्लॉक बोअर करून आजकालची शेल बेअरिंग बसवावीत? आजोबांचं मत ठरलेलं आहे (ओतायचं). माझं नाही.

ता.क. माझ्या आयडीवर जाऊ नका. या इंजिनाला सगळे नट इंचातले आहेत, बारा-तेराचा पाना इथे पेपरवेट म्हणून ठेवलाय.

शंकासुर

जबरी! वाचनखूण साठवली. पण मूळ शंका: विमानाला विमानाचं इंजिन का नाही? गाडीचं इंजिन रस्त्यात बंद पडलं तर आपण कडेला घेतो. वर कडेला कुठे घेणार?

खवचट_खान

आता कोणीतरी तळपदे आणि १८९५ची गिरगाव चौपाटी काढणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बारातेरा

खानसाहेब, तळपद्यांचा धागा वेगळा काढा, तिथे मी पण येतो. इथे नको, कृपा करा.

शंकासुर, साधं उत्तर पैसे. बर्नार्ड पिटेनपोल हा मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यातला माणूस. विमानाचं इंजिन त्याच्यासारख्याला परवडणारं नव्हतं. आधी त्याने मॉडेल-टीचं इंजिन लावून पाहिलं होतं. मग मॉडेल-ए आली, आणि १९२९मध्ये त्या इंजिनावर त्याचं एअर कँपर उडालं. तेव्हा एका लोकप्रिय मासिकाचे संपादक छापत होते की मोटारीच्या इंजिनावर नीट उडता येत नाही. यावर पत्रापत्री करण्याऐवजी १९३०मध्ये पिटेनपोल आणि मंडळी दोन विमानं घेऊन मिनियापोलिसजवळच्या रॉबिन्सडेल विमानतळावर जाऊन उतरले. संपादकांनी पुढे त्याच विमानाचे आराखडे छापले.

फोर्डने मॉडेल-ए सुमारे ४८ लाख बनवल्या, म्हणजे गावोगावच्या भंगारात हे इंजिन. शिवाय याची खुबी अशी की ते सावकाश फिरतं आणि कमी फेऱ्यांत जोर देतं. मोठा लाकडी पंखा थेट क्रँकला बांधता येतो, मध्ये गिअर लागत नाही. गैरसोय वजनाची. तयार इंजिन २४० पौंडांच्या पुढे जातं. नंतर आलेलं काँटिनेंटलचं ६५ अश्वशक्तीचं विमानाचं इंजिन १७०च्या आसपास.

ओशकोशच्या संग्रहालयात पिटेनपोलचं हँगर आणून उभं केलंय. आजोबा दर वेळी तिथे गेले की दाराला हात लावून येतात. आपण पायरीला लावतो तसा.

उद्यमनगरी

भावा, ओत की. विचारतोस काय.

मी कोल्हापूरचा, शिवाजी उद्यमनगरात आमच्या आज्याचं दुकान. गुऱ्हाळाच्या ऑइल इंजिनांची बेअरिंगं ओतण्यात हयात गेली त्याची. मी पोरगा असताना भाता मारायला होतो. आता कोण ओतत नाही, शेल आणतात आणि घालतात. तरी सांगतो, लिहून घे.

ब्लॉक आधी चांगला तापव. ओल असंल तर धातू उसळतो आणि तोंडावर येतो. डोळ्याला गॉगल आणि पायात बूट असल्याबिगर उभं ऱ्हायचं नाही. मधी जो दांडा धरतोस त्यालापण तापवायचं आणि दिव्याची काजळी धरायची, म्हंजे चिकटत नाही. फटी मातीनं लिंपायच्या आणि ती माती परत वाळवायची. धातू तापला का नाही बघायला आज्याकडं मीटर नव्हता. लाकडाची काडी बुडवायचा. काडी काळी पडली पाहिजे, पेटली नाही पाहिजे. वरची साय बाजूला सारायची आणि एका धारेत ओतायचं. थांबलास की जोड पडला. जोड पडला की परत वितळव.

कनेक्टिंग रॉड असंल तर ओतायच्या आधी कल्हई. नाहीतर धातू नुसता बसतो, धरत नाही.

धातुकामिनी

उद्यमनगरी, 'नुसता बसतो, धरत नाही' हे मला एम.टेक.ला दोन तास शिकवलं होतं. :)

बारातेरा, मी धातुशास्त्रातली. व्हाइट मेटल म्हणजे बहुतांश कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. आयझॅक बॅबिट यांनी १८३९मध्ये पेटंट घेतलेली कल्पना. मऊ असल्यामुळे तेलातला कचरा पोटात घेतो आणि क्रँकला ओरखडा पडू देत नाही. कथलाची कल्हई लोखंडी रॉडवर धरते. ओतीव लोखंडावर मात्र नीट धरत नाही, कारण त्यातलं ग्रॅफाइट आड येतं. म्हणून तुमच्या ब्लॉकमध्ये धातू अडकायला भोकं ठेवलेली दिसतील. थंड झाल्यावर तो आकसून सैल होतो, तेव्हा गोल तोंडाच्या हातोडीने ठोकून पसरवावा लागतो. ही पायरी गाळू नका.

पण मला काळजी बेअरिंगची नाही. झीज कोणत्या बाजूला आहे ते बघा. गाडीत क्लच दाबला की फ्लायव्हील रेडिएटरच्या दिशेला ढकललं जातं. तुमचा पंखा फ्लायव्हीलच्या जागी आहे ना? तो क्रँकला उलट दिशेने, बाहेर ओढतोय. म्हणजे बेअरिंगची जी कड गाडीत आयुष्यभर आराम करायची, तिच्यावर इथे सगळा भार. तोही घाटात दोन वेळा क्लच दाबण्यापुरता नाही. इंजिन चालू आहे तोवर अखंड.

आणि वळताना? फिरता पंखा भोवऱ्यासारखा असतो, त्याची दिशा बदलायला गेलं की तो क्रँकचं टोक वाकवू बघतो. प्रत्येक फेरीला एकदा इकडे, एकदा तिकडे. हेन्री फोर्डच्या माणसांनी याचा हिशोब धरलेला नव्हता, धरायचं कारणही नव्हतं. क्रँक तपासलात का?

ओझरकर

धातुकामिनी यांना +१००.

मी ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त. बारातेरा, तुम्ही उलटीकडून सुरुवात केलीत. आधी क्रँक, मग बाकी. क्रँक बाद निघाला तर बेअरिंगचा खर्च पाण्यात. कारण बेअरिंग त्याच्याच मापाने बोअर करणार ना? चुंबकीय तपासणी करून घ्या. क्रँक चुंबकित करून त्यावर लोहकणांचं द्रावण ओततात, चीर असेल तिथे कण रांग धरतात. नुसत्या डोळ्याला चकचकीत दिसतं त्यावर जाऊ नका. गोलाईच्या जागा नीट पाहायला सांगा, जिथे जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) संपून भिंत सुरू होते तिथे.

बारातेरा

काका, ताई, खरं सांगायचं तर क्रँक 'चांगला दिसतो' म्हणून बाजूला ठेवला होता. उद्या नेतो. झीज ताईंनी सांगितली त्याच बाजूला आहे. दुसरी कड नवी असल्यासारखी.

अवांतर: या विमानात बेअरिंगबद्दल बोलताना डोकं फिरतं. इंजिन गाडीच्या मानाने उलटं बसवलंय. फोर्डच्या पुस्तकातलं 'मागचं' बेअरिंग म्हणजे आमचं पुढचं. आजोबा आणि मी आता 'पंख्याकडचं' आणि 'माणसाकडचं' असंच म्हणतो.

शंकासुर

उलटं बसवलं तर उलटं फिरणार नाही का?

बारातेरा

चांगली शंका. मॉडेल-ए हँडलच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरते. ती बाजू आता पायलटकडे आहे. म्हणजे पायलटला पंखा घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसतो, आणि अमेरिकन विमानांत तसाच असतो. पिटेनपोलला आयतं मिळालं.

बारातेरा

(आठ दिवसांनी)

चीर निघाली.

पंख्याकडच्या जर्नलच्या कोपऱ्यात, गोलाईतच. अतिनील दिव्याखाली हिरवी रेघ, साधारण परिघाचा पाचवा हिस्सा. दिवा बंद केला की काही नाही. मी भिंग घेऊन बघितलं, नखाने चाचपलं, काही म्हणजे काही नाही.

कारणही समोर आलं. विमानात घालण्याआधी हा क्रँक एका दुकानात ग्राइंड करून घेतला होता. जर्नलचं माप अचूक, पॉलिश आरशासारखं. पण कोपऱ्यातली गोलाई जवळजवळ काटकोनात आणून ठेवलीय. गाडीसाठी दिलेला क्रँक समजून केलं असणार, आणि गाडीत कदाचित चाललंही असतं. त्या माणसाला हे विमानात जाणार हे कोणी सांगितलं होतं का, असं मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, नाही, सांगितलं असतं तर त्याने काम घेतलंच नसतं.

मग काही बोलले नाहीत. क्रँक पोत्यात गुंडाळला, कॉफी केली, आणि अर्ध्या तासाने एवढंच म्हणाले की मागच्या उन्हाळ्यात नातवाला पुढच्या सीटवर बसवून दोन वेळा फिरवून आणलं होतं.

ओझरकर

क्रँकवर लाल रंग मारून ठेवा. 'बाद' असं लिहून नव्हे, रंग मारून. दहा वर्षांनी कोणीतरी गोठा साफ करताना तो उचलून विकतो आणि तो पुन्हा कुठेतरी बसतो. हे मी पाहिलेलं आहे.

खवचट_खान

विनोद सुचत नाहीये. नशीब बलवत्तर.

हायवेचा_राजा

चीर वेल्डिंगने भरता येत नाही का? आमच्याकडे ट्रकचे क्रँक भरतात.

धातुकामिनी

भरतात, आणि ट्रक थांबतो तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देतो. विमानात नको. वेल्डच्या कडेला उष्णतेने धातूची रचना बदलते, ताण अडकून राहतो, आणि तुम्ही नेमका तो ताण सर्वांत जास्त भाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवता.

पुणेरी_पायलट

सरळ कोर्व्हेअरचं इंजिन टाका. शेवरलेची १९६०च्या दशकातली गाडी, सहा सिलिंडर, हवेने थंड होणारं, रेडिएटरची कटकट नाही. खुद्द पिटेनपोलने नंतर तेच वापरलं होतं.

बारातेरा

वापरलं होतं, बरोबर. पण कोर्व्हेअरवाल्यांनाही हेच भोगावं लागलं. उडत्या इंजिनांचे क्रँक तडकायला लागले, मग पंख्याकडे एक जादा बेअरिंग बसवायची पद्धत आली. गाडी बदलली, दुखणं तेच. मुळात इंजिन फिरवायला केलेलं आणि आपण त्याला शिवाय ओढायलाही लावतो.

आणि आजोबांना कोर्व्हेअर सुचवून पाहिलं. त्यांनी ऐकू न आल्याचं नाटक केलं. (त्यांना चांगलं ऐकू येतं.)

ठरलं ते असं: मॉडेल-एसाठी आजही नवे फोर्ज केलेले क्रँक बनतात, काउंटरवेट असलेले. तो मागवला. वजन थोडं वाढेल. आल्यावर आधी चुंबकीय तपासणी, नवा असला तरी. गोलाई मोजूनच पुढे. बेअरिंगबाबत मी हरलो, व्हाइट मेटलच ओततोय. आजोबांचा मुद्दा मला पटला: व्हाइट मेटल खराब होताना तेलात चमकी टाकून, 'टक' करून सांगतं. या वेळी त्याने सांगितलं म्हणून तर आपण क्रँक बघितला.

धातुकामिनी

हा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. शेलसुद्धा सांगतात. पण कड ओतीव असली की तिचं माप हवं तसं राखता येतं, हे खरं. ओता.

बारातेरा

(मार्च)

ओतलं. म्हणजे दोनदा ओतलं.

पहिल्यांदा माणसाकडचं आणि मधलं छान भरलं. पंख्याकडचं भरताना आजोबांचा हात थांबला, क्षणभरच. ८१ वर्षांचा हात, पळीभर तापलेला धातू. उद्यमनगरी म्हणाले तसा जोड पडला. वरून दिसत नव्हता, ठोकायला घेतल्यावर आवाज बद्द आला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि परत शेगडी पेटवली. दुसऱ्या वेळी पळी माझ्या हातात होती आणि आजोबा काडी बुडवत होते. थर्मामीटर होता शेजारी. तो ४५० सेल्सिअस दाखवत होता. आजोबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, काडी बघून मान हलवली.

मेन बेअरिंग एका सरळ रेषेत बोअर करून घेतली, ते काम बाहेर. या वेळी ऑर्डरवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विमानासाठी'. दुकानदार वाचून पाच मिनिटं गप्प, मग एका सहकाऱ्याला बोलावून दोघांनी काम केलं. घरी आणून मार्किंगची निळी शाई लावायची, क्रँक फिरवायचा, उंच ठिपके स्क्रेपरने उतरवायचे. तीन शनिवार. वडील असते तर एका दुपारी केलं असतं आणि मला चहा आणायला पिटाळलं असतं. मोकळीक दीड थाउ धरली, बेअरिंगच्या कॅपखाली शिम (पातळ पत्रे) आहेत, पुढे झीज झाली की एकेक काढायचे. पुढे-मागे हालचाल ५ थाउ.

व्हॉल्व्हची वेगळी कथा आहे, ती थोडक्यात. मूळ व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक अळंबीसारखं पसरट, त्यामुळे त्याचं गाइड दोन तुकड्यांत. टॅपेटला (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या तुकड्याला) अ‍ॅडजस्ट करायचा स्क्रूच नाही. गॅप कमी पडला की दांडा घासायचा, जास्त घासला तर नवा व्हॉल्व्ह. आम्ही अ‍ॅडजस्ट होणारे टॅपेट टाकले. आजोबा दोन दिवस रुसले होते.

उद्यमनगरी

आवाज बद्द आला हे ऐकून कळलं तुला, म्हंजे झालास मिस्त्री. नाद खुळा!

ओझरकर

पहिल्या वेळचं वाईट ओतकाम लॉगबुकात लिहिलंत का?

बारातेरा

नाही काका. लिहितो.

ओझरकर

लिहा. चांगलं झालेलं सगळेच लिहितात.

शंकासुर

इंजिनात तेलाचा दाब किती असतो? विमानात गेज पाहिजेच ना.

बारातेरा

दाब म्हणाल तर हसाल. पंप तेल वर व्हॉल्व्हच्या कप्प्यात चढवतो, तिथून ते उताराने मेन बेअरिंगकडे येतं. रॉडच्या बुडाला पळ्या आहेत, त्या तेलात बुडून शिंतोडे उडवतात. गाडीला तर दाबाचं गेजच नव्हतं. आमच्या गेजचा काटा तीनवर आला तरी आजोबा खूश. काही जण क्रँकला भोकं पाडून दाबाने तेल देतात. मी तो विषय काढणार होतो, पण टॅपेटचा रुसवा नुकताच संपला होता.

बारातेरा

(एप्रिल, दुसरा रविवार)

सुरू झालं.

विमान मागून खांबाला दोराने बांधलं, चाकांना ठोकळे. ठिणगीसाठी वीज देणारा मॅग्नेटो एकच, प्रत्येक सिलिंडरला प्लगही एकच, म्हणजे भरवसा निम्मा. आजोबा आत बसले, पंखा मी फिरवला. सहाव्यांदा एक शिंक, आठव्यांदा पकडलं. पहिले दहा मिनिटं हळू, मग बंद, मग हेडचे नट परत ५५ फूट-पौंडांवर घट्ट. मग वीस मिनिटं. १६०० फेऱ्यांना दोर ताणून तारेसारखा झाला आणि खांबातून कुरकुर आली. तेव्हा मला ताईंचं 'अखंड' आठवलं. ती सगळी ओढ आमच्या ओतलेल्या एका कडेवर होती.

तेल गाळायला तोच सदरा घेतला. काळपट डाग, चमकी नाही. डायल: ५ थाउ.

धातुकामिनी

पाच तासांनी परत मोजा. आणि दहा तासांनी.

शंकासुर

अभिनंदन!! मग उडणार कधी?

बारातेरा

जमिनीवर पाच तास पूर्ण झाले की. आजोबांना मे महिन्यातच उडवायचंय. धावपट्टीच्या टोकाला मक्याचं शेत आहे, आणि मका वाढायच्या आत ते मोकळं असतं. इंजिन बंद पडलं तर तिथेच उतरायचं आहे.

शंकासुर, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे उत्तर. कडेला तिथे घेणार.